एक मूठ खाली

नारीनला सप्टेंबरातच बोटं आखडतात.
माझी गाडी जपानहून आलेली, उजव्या स्टिअरिंगची;
तिचे दिवे डावीकडे मान उंचावून बघायचे,
थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

नवे आणले बिश्केकच्या बाजारातून.
"लख्ख हवेत," मी म्हटलं.
तुरगुनआली गप्प. चाकांतली हवा तपासली,
माझ्या सीटवर बटाट्यांचं पोतं बसवलं.
"तुमच्याएवढंच आहे," म्हणाला,
आणि हसू मिशीत दाबलं.

भिंतीवर खडूची रेघ. दहा मीटर मागे गाडी.
उजेड रेघेवर चढून बसलेला.
स्क्रू अर्धा फेरा. मग पाव. मग
पावाहून कमी, श्वास धरून.
उजेड उतरला, रेघेखाली बरोबर एक मूठ,
ओट्यावरून मांजर उतरावं तसा.

पोतं काढून त्याने मला बसवलं,
स्वतः अंधारात चालत गेला
आणि रस्त्यावर उकिडवा बसला,
छोट्या गाडीतल्या कुणाच्यातरी उंचीचा.
"लावा!"

इतका वेळ बसला की वाटलं, डुलकी लागली.
चेहरा दिसत नव्हता.
बूट मात्र लख्ख,
एकाची नाडी सुटलेली.

काल डोलोन घाटात समोरून येणाऱ्या गाड्या मोजत होते.
कुणीच दिवा मिचकावला नाही.
सत्तावीसनंतर
मोजायचं विसरले.