अठरा सेकंद

बावीस मीटर रस्ता.
माणसाचा वेग सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर, हे पुस्तकातलं.
भागाकार आला अठरा आणि काही दशांश.
दशांश सोडून दिले, खाली सही केली.
तेव्हापासून सबुरतालोच्या त्या चौकात
हिरवा माणूस अठरा सेकंद चालतो.
तो काचेत राहतो. त्याला गुडघे नाहीत.

त्सियालाबाई निघतात ते लिफ्टच्या पेटीत नाणं टाकून.
मोजे विणायच्या गिरणीत सदतीस वर्षं उभ्या राहिलेल्या.
पलीकडे भट्टी आहे, होडीच्या आकाराचा शोती पाव,
आणि भट्टीच्या वर दवाखाना.
अकराव्या सेकंदाला त्या मधल्या काँक्रीटवर पोचतात
आणि तिथेच राहतात.
आमच्या नकाशात त्याला आश्रयबेट म्हणतात.
दीड मीटर रुंद. दोन्हीकडून मार्शरुत्का, डिझेल, हॉर्न.

टायरवाल्या वाझाने तिथे एक स्टूल ठेवलं,
एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा.
मग तक्रार आली: बेटावर अनधिकृत वस्तू.
उचलायला मीच गेलो.

"बसा," त्या म्हणाल्या, "पुढचा हिरवा यायला अवकाश आहे."
किती अवकाश आहे ते मला माहीत होतं.
चौऱ्याण्णव सेकंद. मीच घातलेले.
त्यांनी संत्रं सोललं, अर्धं मला दिलं,
साल रुमालात गुंडाळून नाकाशी धरली.
"वास जातो थोडा," म्हणाल्या.
तिसऱ्या मजल्यावरचा गुराम आता खाली उतरतच नाही,
हेही सांगितलं, सहज,
भाव सांगावा तसं.

वहीत मी लिहिलं: स्टूल आढळले नाही.

दवाखान्यातल्या एतेरी डॉक्टरांकडे गेलो, काम काढून.
त्या औषध लिहीत होत्या, मान वर न करता बोलल्या,
"माझ्या कागदावर खोकला असतो,
साखर असते, सुजलेले पाय असतात.
चौकासाठी रकानाच नाही."

त्या रात्री झोपेत आकडे आले नाहीत, माणसं आली.
शाळेतली मुलं, ज्यांना आया दोन थांब्यांसाठी
गाडीने सोडतात, कारण रस्ता ओलांडवत नाही.
त्या गाड्यांची रांग लागते,
म्हणून मी गाड्यांचा हिरवा वाढवतो,
म्हणून रस्ता ओलांडवत नाही.
हे वेटोळं माझ्या हस्ताक्षरात आहे.

एकतीस सेकंद मागितले. फाइल परत आली,
चहाच्या पेल्याचा गोल डाग आणि एक ओळ:
रांग स्टेडियमपर्यंत जाईल.

मग मी चोरी केली.
नियंत्रण कक्षात रात्रपाळी माझीच होती.
सोमवार ते शुक्रवार, दहा ते बारा,
मॉलकडे डावीकडे वळणाऱ्यांच्या वाट्यातून
तेरा सेकंद काढले
आणि चालणाऱ्यांच्या पदरात टाकले.
एका जीपवाल्याने फोन केला. मी म्हणालो, तपासतो.

मंगळवारी कोपऱ्यावर उभा राहिलो, सिगारेट न पेटवता.
त्सियालाबाई निघाल्या, सवयीने बेटावर थांबल्या,
स्टुलावर पिशवी टेकवली.
हिरवा माणूस अजून चालत होता.
त्यांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं,
पिशवी उचलली,
एक पाऊल, मग दुसरं, हात पुढे करून,
जणू गाड्यांना हातानेच धरून ठेवलंय.

पलीकडच्या फरसबंदीवर चढल्या
तेव्हा दोन सेकंद उरले होते.
दोनांचं काय करायचं ते त्यांना कळेना.
वळून उभ्या राहिल्या,
मोकळ्या रस्त्याकडे, रिकाम्या स्टुलाकडे बघत,
मागून कुणी यायचं राहिलंय का,
ते पाहावं तशा.