टर्बो निवेपर्यंत

झिपरू मिस्तरीने बॉनेटला कान लावला,
टरबूज घेताना लावतात तसा,
आणि म्हणाला, ताई,
ही श्वास लेस नही, नुसती उसासा टाकस.

चाळीसगाव रोड, मे महिना,
पत्र्याखाली पंचेचाळीस.
त्याच्या पोऱ्याने, मुस्तकीमने, जुना पाइप उतरवला:
गंजलेला, पोटाशी दोनदा वेल्डिंग केलेला,
आत एक लाख ऐंशी हजार किलोमीटरची काजळी.
मी बोट घालून पाहिलं.
नेरचे गतिरोधक, दहिवेलची धूळ,
धुळ्याच्या दवाखान्यात ज्यांना वेळेवर पोचवलं ते,
पोचवता आलं नाही तेही,
सगळं एकाच रंगाचं निघालं.

काया धूर म्हनजे काय, ताई?
न जयेल डिझेल.
पोटमा ऱ्हायनं नही, जयनं बी नही.
मी म्हटलं, पावती गाडीच्याच नावाने कर.

मग त्याने नवा टर्बो माझ्या हातात दिला.
गोगलगाईसारखा, पण दोन तोंडांचा,
हात खाली ओढणारा.
एका अंगाने बाहेर निघालेला धूर चाक फिरवतो,
त्याच दांड्यावर दुसरं चाक,
ते हवा आत ओढतं.
म्हणजे जे टाकून दिलं
त्याच्याच धक्क्यावर पुढचा श्वास.
झिपरूने फुंकर मारली. चाक फिरलं. बराच वेळ फिरलं.
मुस्तकीमही बघत उभा राहिला,
हातात बारा-तेराचा पाना.

चौसष्ट हजार, अडीच इंची डाउनपाइप धरून.
एवढ्यात म्हैस आली असती, असं आप्पा म्हणणार,
म्हणून आप्पांना सांगितलं नव्हतं.
इंटरकूलर मोठा टाकू का, विचारलं.
हसला.
आपल्याकडे हवाच आधी तापून येते,
तिला गार करायचं तर तिची मर्जी लागते.

संध्याकाळी कोंडाईबारी उतरून गेले,
केवळ परत चढून येण्यासाठी.
तिसऱ्या गिअरला, काटा दोन हजाराला टेकायच्या आत,
कुठेतरी शीळ वाजते,
मग सीट पाठीला येऊन भिडते.
कापडाच्या गाठींचा ट्रक उजवीकडून मागे टाकला,
त्याच्याच जातीच्या ट्रकांमागे
अकरा वर्षं मी दुसऱ्या गिअरला रांगले होते.
मी ओरडले.
एकटीच होते. काचा बंद होत्या.

कुसुंब्याला पोचले तेव्हा साडेनऊ.
आप्पा अंगणात खाटेवर.
सव्वीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
वळणावर माझी गाडी ऐकू आली की
ते आत हाक द्यायचे, भाकर टाक,
आणि फाटकाची कडी काढायचे.
आज कडी लावलेलीच.
कुत्रं चाकांवर धावून आलं.
कोन शेतस भो? आप्पांनी विचारलं,
परक्याला विचारतात तसं, जरा अदबीने.

मी लगेच बोलले नाही.
झिपरूने बजावलं होतं,
लांबून उनी का एकदम बंद करू नको, ताई,
एक मिनिट चालू ऱ्हाऊ दे,
मझारलं चाक लाल ऱ्हास.

एक मिनिट.
हेडलाइट बंद केले.
नवा सायलेन्सर अंधारात
कुणा भलत्याच माणसाच्या घशाने खाकरत होता.
आप्पा उठले, भिंत धरत आले, कडी काढली,
बॉनेटवर तळवा ठेवला, पटकन उचलला,
मग डाव्या मडगार्डवरचा पोचा चाचपला,
त्यांनीच एकदा याच फाटकाला घासून केलेला.

बंद कर ना बाई. डिझेल काय फुकट येस?

अजून वीस सेकंद, म्हटलं.

ते मोजू लागले. मोठ्याने.
पहाटे साक्री डेपोत ब्रेकची हवा भरेपर्यंत
मोजत असतील तसे.
तेराला आतून आईने विचारलं, कोण आलंय?
कुणी उत्तर दिलं नाही, आकडा चुकला असता.
वीस झाले.
मी चावी फिरवली.
शीळ विरत विरत खाली गेली,
एकवीस, ते म्हणाले.