वाळ्याच्या ताट्या

दुपारी दोन सतराला पाठवला मी तो.
तारीख नव्हती, गावाचं नाव नव्हतं.
नुसता फोटो : खांद्यावर पोतं घेतलेला माणूस,
तोंड अर्धं दुपट्ट्यात,
आणि खाली, 'पोरं पळवणारी टोळी शहरात शिरली,
आपलं समजून पुढे पाठवा.'

आपलं समजून. मी तीन गट आपले समजले :
नंदनवनचं भजनी मंडळ, माहेरचा गोतावळा,
आणि आमच्या जिन्यावरची बारा बिऱ्हाडं.
मग ताक प्यायले, पंख्याखाली आडवी झाले.
सेहेचाळीस डिग्रीत अंगठा तेवढाच काय तो हलतो.

साडेपाचला दौलत उईके आला.
दरवर्षी एप्रिलात येतो, यंदा मे उजाडला.
खांद्यावर पोतं, पोत्यात वाळा,
तोंडाला दुपट्टा. नागपूरच्या उन्हात तो कुणाच्या नसतो?
भुवईवर मात्र वाळलेलं रक्त.
"सक्करदऱ्यात अडवलं पोट्ट्यायनं," म्हणाला,
"पोतं उलटं केलं बाई, भर रस्त्यात. गवत निंघालं.
तरी एकानं मारलंच.
हात उचलून झाला होता न त्याचा."

मी पाणी दिलं.
फोटो दाखवला नाही. तो त्याचा नव्हताच,
कुणाचाही चालला असता.

तो गच्चीवर चढला. मी गटांत शिरले.
पुसायला गेले तर उशीर झालेला;
मंडळातून तो केव्हाच मानेवाड्याला, हुडकेश्वरला,
कुणाच्या तरी भाच्याकडे उमरेडला पोचला होता.
मग एका बोटानं लिहिलं,
फुलं नाहीत, हात जोडलेले नाहीत :
'दुपारचा निरोप मी न तपासता पाठवला. चूक माझी.
त्यापायी की कशापायी, एका माणसाला आज मार बसला.
तो आत्ता आमच्या गच्चीवर कूलरला ताट्या बसवतोय.'

दुपारी सत्तावीस जणींनी आभार मानले होते.
आता बराच वेळ कुणीच नाही.
मग पुष्पलता वैरागडेंचं आलं : 'नक्की का?'

नक्की का.
दुपारी कुठे होते हे दोन शब्द?
होते की माझ्याकडेही, फुकटचे.
भाजीवालीच्या तराजूला रोज विचारते मी ते.

वरून हाक आली, "बाई, पानी सोडा."
नळ सोडला. कोरडा वाळा आधी नुसता तडतडला,
मग वास उतरला जिन्यातून खाली,
सगळ्या बारा दारांवरून.

वैरागडेबाईंना लिहिलं, 'हो. या, वर येऊन बघा.'
निळ्या खुणा उमटल्या.
अजून कुणाची चप्पल वाजलेली नाही.