सुटायची घडी

पंचविसाव्या उडीनंतर मुकादम सरांनी
माझ्या वहीवर शिक्का मारला आणि म्हणाले,
"आता तुला कुणी धरणार नाही."
परुळ्याच्या सड्यावर ऊन कातळासारखं टणक.
मी पेढे वाटले. वाटलं, झालं शिकून.

सव्विसावीत मी नुसती फिरत राहिले.
डावा गुडघा जरासा वाकडा, तेवढ्यानं
कर्लीची खाडी, भोगव्याची पुळण, निवतीचा खडक
पुन्हा पुन्हा समोरून गेले,
जत्रेतल्या पाळण्यातून दुकानं जावीत तसे.
वहीत लिहिलं: गुडघा.

सत्ताविसावीत हेरंबपर्यंत पोचायचं होतं.
तो हात पसरून, साठ हात दूर, थोडा खाली.
मी घाईनं निघाले आणि
त्याच्या डोक्यावरून सरळ पुढे,
थांब्यावर न थांबता एस.टी. जावी तशी.
त्यानं हात हलवला. मीही हलवला.
दुसरं करणार काय?
वहीत लिहिलं: पोचायचं असेल तर आधीच हळू हो.

अठ्ठाविसावी वाऱ्यानं खाल्ली.
अकरा वाजता दर्यावरचा वारा सड्यावर चढला,
काठीवरचं फडकं ताठ झालं.
विमानाच्या सावलीत बसून आम्ही
डब्यातले गार घावणे संपवले.
सर म्हणाले, न मारलेली उडीसुद्धा लिही.

रात्री खळ्यात छत्री पसरली, घडी घालायला.
शेजारी बाबा फाटकं जाळं सांधत होते.
चाळीस वर्षं दर्यात दोऱ्या सोडलेला माणूस.
माझ्या दोऱ्या त्यांनी बोटांतून ओढून पाहिल्या,
एकेक, डोळे मिटून,
आणि विचारलं, "गाठ खंय मारलंस?"

गाठ नाही, बाबा.
हिला धरायचं नसतं. हिला सुटायचं असतं.

ते बराच वेळ गप्प.
मग एका दोरीचा पीळ नखानं काढून म्हणाले,
"मगे नीट घाल घडी.
जाळां चुकला तर मासो जाता."
पुढचं बोलले नाहीत.

एकोणतिसावी. दहा हजार फूट.
दारातून पाऊल सुटल्यावर
पोटात जो खड्डा पडायचा, तो पडला नाही.
कुणी जुनं ओळखीचं आज दिसलं नाही,
तसं चुकल्यासारखं वाटलं.
हेरंब समोर. मी गेले नाही, येऊ दिलं.
मनगटावरचा काटा भराभरा उतरतोय
आणि आम्ही दोघं एकमेकांपुढं थांबलेलो.
त्याच्या बाहीचं सुटलेलं एक टोक फडफडत होतं.
झोपलेल्या मुलाच्या मुठीतून पेला काढून घ्यावा
इतक्या हळू मी ती बाही धरली.

पाच हजारला पाठ फिरवून दूर झालो.
हात मागे नेला, ओढला.
तेव्हा बाबा आठवले नाहीत, खोटं कशाला सांगू.
आठवले नंतर,
डोक्यावर पिवळं कापड ताठ उघडल्यावर,
कानातला कल्लोळ एकदम थांबल्यावर,
खाडीतल्या एका होडीचं इंजिन
इतक्या वरून ऐकू आल्यावर.

उतरताना ब्रेक फार वर ओढले,
शेवटचे दोन हात नुसती आदळले
करवंदीच्या जाळीत.
डावाच गुडघा.
वहीत लिहिलं: ब्रेक. अजून थांब.
गुडघ्याचं लिहिलं नाही.
घरी काय सांगायचं
ते तरीत बसल्यावर ठरवू.