नाव वगळून

"वय सतरा, पुरुष, पश्चिम भारतातील रहिवासी."
एवढंच लिहायचं असतं.
गल्ली लिहायची नाही. भद्रकालीकडून वळलं
की डोळ्यांआधी कानांना कळणारी
सकाळी सातपासूनची ठोकाठोक लिहायची नाही.

त्र्यंबक नाक्यापाशी आमच्या ओपीडीत
तो डिसेंबरात आला, हात थरथरत.
थंडी बाधलीय, आई म्हणाली.
त्याआधी दोघांनी कावीळ म्हटलं होतं,
एकाने बारावीचं टेन्शन,
आणि कुणीतरी दंडावर बिब्बा घातला होता.
मी त्याला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं.
पहिलं अक्षर ठीक.
शेवटचं मुंगीएवढं.
तो कागद फाइलमध्येच राहिला, छापता आला नाही.
अक्षर आटत गेल्याचा इतका चांगला पुरावा,
पण पुरावा म्हणजे नावच होतं.

डॉ. तस्नीमनी स्लिट लॅम्पवर त्याची हनुवटी टेकवली
आणि मला बोलावलं, दबक्या आवाजात,
फांदीवरचा पक्षी दाखवताना बोलावतात तसं.
बुबुळाच्या काठाने एक कडं,
तपकिरी, सोनेरी, जरासं हिरवट.
आजवर पुस्तकातच पाहिलेलं.
तांबं.
"काय सुंदर आहे," मी म्हणाले. मोठ्याने.
वडील दारात उभे होते.

"तीस वर्षं ठोकतोय," ते म्हणाले,
तळहात माझ्यापुढे धरून, झडती द्यावी तसे.
"माझ्याच हातचं गेलं का त्याच्यात?"
नाही हो. तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं,
तुमच्या, माझ्या, भाजीतून, डाळीतून.
आपलं यकृत ते बाहेर टाकतं, त्याचं टाकत नाही.
अर्धी चूक तुमच्याकडून, अर्धी त्यांच्याकडून,
दोन्ही अर्ध्या त्याच्यात भेटल्या.
त्यांनी बायकोकडे पाहिलं.
ती त्यांच्या मामाची मुलगी.
एक ओझं उतरवता उतरवता
मी दुसरं ठेवलं होतं, आणि फॉर्मवर
सही कुठे करायची तेही दाखवलं होतं.

परीक्षकांनी विचारलं: घरातील भांड्यांचा संबंध तपासला का?
रास्त प्रश्न. बाटल्या घेऊन गेले.
पडवीत गडवांची रांग, कुंभासाठीची ऑर्डर,
गोदेचं पाणी भरून झाळून देशोदेशी जाणारे.
आत प्यायला स्टीलची कळशी, नवी, स्टिकरसकट.
घरातलं सगळं तांबं माळ्यावर,
गोणपाटात तोंड बांधून.
जुन्या हंड्यातलं पाणी मागून घेतलं. अहवाल निर्दोष.
लेखात त्याचं एक वाक्य झालं.

धाकटीचं तेवढंही झालं नाही. शब्दमर्यादा.
नऊ वर्षांची, अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती,
मोजत होती, एकोणसत्तर, सत्तर.
डोळे स्वच्छ. रक्त नव्हतं.
तिला अजून काहीच झालेलं नव्हतं
आणि त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या.
आकडा चुकला म्हणून ती माझ्यावर चिडली.

छापून यायला चौदा महिने लागले.
तोवर त्याची जीभ बरीच सुटली होती,
पेला न सांडता धरत होता.
वडिलांनी लेख उलटसुलट पाहिला.
"ह्यात तो कुठंय?"
मी बोट ठेवलं: वय सतरा, पुरुष.
"आता एकोणीस लागलं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पगारे सिस्टरनी
वर्तमानपत्रात बांधलेलं काही टेबलावर ठेवलं.
गडू. ठोक्यांच्या खुणा पुसलेल्या नाहीत.
गळ्याखाली नाव घातलेलं, टिंबाटिंबांनी,
बापाच्या हातचं नाही, ओळ वर चढत गेलेली.
पण पहिलं अक्षर जेवढं, शेवटचं तेवढंच.

काय नाव, ते मी इथेही लिहीत नाही.

पहिले काही दिवस त्यातून पाणी प्यायले नाही,
सगळं माहीत असून.
मग प्यायले.