नोड नऊ

डिसेंबरात संत्र्याला ताण देतात.
पाणी तोडतात. पानं मलूल होतात, गळतात,
आणि घाबरलेलं झाड जानेवारीत
अंगभर फुलतं.
याला आंबिया बहार म्हणतात.
मी मानेवाड्यात वाढलेली, तिसऱ्या मजल्यावर,
मला हे नोकरीनं शिकवलं.

मेटपांजऱ्याच्या बागेत माझे सव्वीस नोड आहेत.
काळ्या मातीत हातभर खोल दोन दांडे,
वर पांढरी डबी, तळहाताएवढं सौर पॅनल.
दर पंधरा मिनिटांनी ते एकमेकांच्या कानात
ओल सांगतात,
शेवटचा सांगतो विहिरीवरच्या अँटेनाला,
अँटेना मला.
खारींनी काही कुरतडलं की मधलाच एखादा मुका होतो.

त्या हिवाळ्यात पंचवीस रेघा खाली चालल्या होत्या,
विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तशा.
नऊ उतरेना.
रोज साडेआठला उडी, दिवसभर उतार,
दुसऱ्या दिवशी पुन्हा उडी.
रेवतकर धरमपेठेतून, फोनवर:
"पाणी मुरतंय कुठंतरी.
नाहीतर मॅडम, तुमचं यंत्र खोटं."

आठलाच जाऊन बसले. धुकं. हातात गार पडलेला चहा.
सालदाराची बायको, फुलवंता धुर्वे,
वाफाळती गंजी घेऊन आली,
झाडाखालच्या फरशीवर पाय लांब करून बसली,
पिंढऱ्यांवर पालथं लेकरू, ईस दिसाचं,
आणि रडणं सगळ्या बागेत.
"इथंच काऊन?"
"इथंच तं गाडली जी," ती म्हणाली,
माझ्या डबीच्या वीतभर डावीकडे बोट करून,
"इची नाळ."

लोकांना समजावताना मी नेहमी म्हणते,
बिनतारी आहे, बघा, कुठंही दोरी नाही.

अहवालात लिहिलं: नोड ठीक. झाड ताणातून वगळावं.
त्या साली पंचवीस झाडांच्या वासानं
काटोलच्या रस्त्यावर गाड्यांच्या काचा खाली झाल्या,
नववं आपलं हिरवंगार, फुगून बसलेलं,
एक कळी नाही.
रेवतकरांनी संत्री मोजून दाखवली, न आलेली.

पण त्याआधी, ताणाच्या शेवटच्या आठवड्यात,
नऊची रेघ सरळ झाली.
एक दिवस. दोन.
तिसऱ्या दिवशी बॅटरी तपासायच्या आधी
मी फोन लावला.
"सर्दी झाली जी तिले. आंग नाही धुतलं."

पाचव्या दिवशी, आठ पस्तीसला,
मी ऑफिसात सगळ्यांसमोर
एकदम टाळी वाजवली.