दुसरी प्रत

रात्री साडेनऊला तो गुप्तहेर पुन्हा उशिरा घरी येतो.
बायको विचारते, कुठं होतास?
तो म्हणतो, ऑफिसात.
मागं व्हायोलिन वाजतं,
म्हणजे आपल्याला कळावं की हे खोटं आहे.

आपल्या घरात व्हायोलिन नव्हतं, जोतिबा.
वडगावच्या गल्लीत दोन्ही अंगांनी माग चालायचे,
खटक्-खट, खटक्-खट,
त्या आवाजात कुठलंही वाक्य खरं वाटायचं.

मी मसूर निवडत बघते.
तू टेकून बसलेला, कवळी वाटीत,
मध्येच म्हणतोस, असा पाठलाग करत नाहीत कोण,
एवढ्या जवळनं.
आणि मग बराच वेळ काही म्हणत नाहीस.

लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज,
मयताला खुर्चीत बसवून काढलेले शेवटचे फोटो.
आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला सायकलींची फेरी,
दंडाला काळ्या फिती,
तू सगळ्यांच्या पुढं, उलट्या पावलांनी पळत,
गळ्यात कॅमेरा.
तुझ्याकडं बघून माणसं मूठ आणखी उंच करायची.
घरच्या माणसापासून तोंड कोण लपवतंय?

एक प्रत कार्यालयाच्या कपाटात.
दुसरी कॅम्पात, कमतगी साहेबांच्या टेबलावर.
पाठीमागं पेन्सिलीनं आकडे,
आकड्यांपुढं नावं, गल्लीसकट.

हे मला कधी कळलं, माहीत आहे?
विद्याश्रीनं मला कानडी शिकवलं त्या वर्षी.
बसची पाटी वाचता यावी एवढ्यासाठी बसले होते मी,
सुनेपुढं पाटी घेऊन, साठीत.
स्टुडिओ मोडला, खोकी घरी आली,
आणि एका कार्बन कॉपीवर मी अक्षर अक्षर लावत गेले:
भ. र. मू.
सात नंबर. माझा धाकटा.
तुझं कानडी अक्षर इतकं देखणं असेल
असं वाटलं नव्हतं. सगळं गोल,
कुठंच टोचणार नाही असं.

तुला काय मिळालं ते मी मोजलंय.
रस्ता रुंद करायची लाल रेघ
आपल्या पायरीवरून जाणार होती,
ती समोरच्या कासाराच्या अंगाला सरकली.
दोन फूट.
त्या दोन फुटांत केदार शिकला,
माझ्या कुड्या सोनाराकडनं परत आल्या.
भरमूच्या जामिनाचे पैसेही
तू त्यातनंच भरलेस, रात्रीत, न मागता.
तो अजून सांगतो चारचौघांत,
दाजी होते म्हणून सुटलो.

हे कुठल्या वहीत मांडू?
ते पैसे जमा की खर्च?

पडद्यावर बायकोला दुसरा पासपोर्ट सापडतो,
तांदळाच्या डब्यात.
ती ताट फेकते. किती सोपं.
मी ती कार्बन कॉपी घडी घालून
होती तिथंच ठेवली होती,
आणि तुला विचारलं होतं, आमटीला मीठ बरोबर आहे काय.
तू म्हणालास, आहे की.
नव्हतं. घातलंच नव्हतं मी.

पलीकडं कासाराची म्हातारी
अजून तिच्या अर्ध्या दुकानात बसते.
मी तिच्याकडनंच बांगड्या भरते.
पैसे सुटे देते, जास्तीचे, आणि परत घेत नाही.
ती मला भोळी समजते.

दहाला फोन वाजतो. भरमूच.
तोही बघतो, एकटाच, तिकडं अनगोळात.
हिंडलग्याच्या अकरा दिवसांनंतर
त्याचा डावा कान गेला तो गेलाच.
अक्का, तिला कळलं काय गं शेवटी? नवऱ्याचं?
कळलंय, मी म्हणते.
आँ?
कळलंय रे.
ऐकू येईना अक्का, तुमची टीव्ही केवढ्यानं चाललीय,
मोठ्यानं बोल की.

मसुरातला खडा माझ्या बोटांत.
तू डोळे न उघडता हात लांब करतोस,
रिमोट चाचपतोस,
आणि आवाज बंद करतोस.